बीपी नॉर्मल होतं, तरी पेशंट बिघडत होता. हे आधी कसं ओळखायचं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नऊ वर्षं सर्जरी वॉर्डात काढली. आता नोकरी सांभाळून ॲडव्हान्स्ड नर्सिंग प्रॅक्टिसचा कोर्स करतेय आणि पहिल्याच सत्रात पॅथोफिजिओलॉजी मानगुटीवर बसली आहे. आजारात शरीर कसं वागतं, कुठलं हॉर्मोन कुठून येतं, कुठली रक्तवाहिनी कधी आवळते... पाठ होतं आणि आठवड्यात विसरायला होतं. पण वाचताना एक जुनी रात्र सारखी आठवते, म्हणून इथे लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आकडे मात्र डोक्यात कोरलेले आहेत.

अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, वजन ७० किलो, पोटाच्या ऑपरेशननंतरची दुसरी रात्र. १० वाजता बीपी ११६/८४, पल्स ८८. १२ वाजता ११४/८८, पल्स १०२. २ वाजता ११२/९२, पल्स ११४. सॅच्युरेशन तिन्ही वेळा ९६, ऑक्सिजन लावलेला नव्हता. टेंपरेचर ३६.८, मग ३६.४, मग ३६.०. तासाची लघवी ६०, ३५, २० मिली. ड्रेन (पोटातलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) कोरडा. संध्याकाळचं हिमोग्लोबिन ११.२. रेस्पिरेशन चार्टवर १८, १८, १८.

२ च्या सुमाराला त्यांनी दोनदा पांघरूण फेकलं. "बसवा मला" म्हणाले, बसवलं तर "नको, झोपतो". पांघरूण नीट करताना त्यांचं पाऊल माझ्या हाताला लागलं, गार होतं. मी एसीला दोष दिला. तरी मन मानेना म्हणून ड्युटी डॉक्टरांना फोन केला. "बीपी किती?" "११२." "मग ठीक आहे, बघत राहा." मी चार्टवर लिहिलं, 'पेशंट स्थिर'.

४ वाजता बीपी ८२/६०. धावपळ करून ओटीत नेलं. पोटात रक्तस्राव होत होता आणि ड्रेनच्या तोंडाशी गुठळी अडकली होती. ते वाचले, चालत घरी गेले. पण माझा प्रश्न तसाच राहिला. २ वाजेपर्यंत बीपी ठीक होतं, हे तर खरंच ना? मग चुकलं कुठे?

जुनी सिस्टर

बीपी ठीक नव्हतं गं. वरचा आकडा ठीक होता.

खालचा बघ. ८४, ८८, ९२. वरचा जरा जरा खाली येतोय, खालचा वर चढतोय. दोघांतलं अंतर मोज: ३२, २६, २०. दार बंद होत चाललंय. आम्हाला शिकवणाऱ्या मेट्रन म्हणायच्या, वरचा आकडा डॉक्टरांना सांगायला असतो, मधलं अंतर आपल्याला कळायला असतं. का ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकतीस वर्षं नोकरी झाली, निवृत्त झाले, अजूनही विचारलेलं नाही. कोणीतरी शास्त्र सांगा आता.

भूलवाला

मी सांगतो. भूल देणं हाच धंदा असल्यामुळे दिवसभर हेच बघत असतो. जरा लांबण लागेल.

७० किलोच्या माणसात अंदाजे पाच लिटर रक्त असतं, आणि त्यातलं बरंचसं, दोन तृतीयांशाच्या आसपास, कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. शिरा म्हणजे शरीराची गंगाजळी. रक्त वाहून जाऊ लागलं की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं. मानेतल्या कॅरॉटिड धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब जोखणारे संवेदक आहेत. भिंत किती ताणली जाते ते ते मेंदूला सतत कळवत असतात. ताण कमी झाला की त्यांचा निरोप मंदावतो, आणि तेवढ्यावरून मेंदू समजून चुकतो. काही सेकंदांत सिम्पथेटिक यंत्रणा, म्हणजे संकटात आपोआप जागी होणारी मज्जायंत्रणा, कामाला लागते. शिरा आवळतात, म्हणजे गंगाजळी बाहेर निघते. हृदय जोरात पळतं. त्वचा, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्याकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आवळल्या जातात, म्हणजे उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयासाठी राखून ठेवलं जातं.

आता चार्ट याच क्रमाने वाचा. पल्स वाढला, कारण हृदय पळतंय. पाय गार, कारण त्वचेचा पुरवठा तोडलाय. लघवी ६० वरून २०, कारण मूत्रपिंडाकडे रक्त कमी गेलं. शिवाय रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही हॉर्मोन्सची साखळी आणि वरून एडीएच हे आणखी एक हॉर्मोन, सगळे मिळून पाणी धरून ठेवतायत. आणि जुन्या सिस्टरांच्या मेट्रनबाईंचं अंतर! वरचा दाब बराचसा दर ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं यावर ठरतो, खालचा धमन्या किती आवळल्या आहेत यावर. ठोक्याचं रक्त घटतंय आणि धमन्या आवळतायत, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतात.

म्हणजे ११२ हा आकडा शरीराने कमावलेला होता. तो टिकवण्यासाठी काय काय गहाण टाकलंय ते चार्टवरच्या बाकीच्या रकान्यांत लिहिलेलं होतं. तरुण, धडधाकट माणूस दीड लिटरपर्यंत रक्त जाईतो वरचा दाब रेटून नेऊ शकतो. ती मर्यादा ओलांडली की दाब उतरत नाही, कोसळतो.

हिमोग्लोबिनने तर सगळ्यांनाच फसवलंय. एक तर ते संध्याकाळचं. दुसरं म्हणजे ते प्रमाण आहे. कळशीतलं अर्धं सरबत सांडलं तरी उरलेल्याची गोडी तीच राहते. पेशींभोवतीचं पाणी हळूहळू रक्तवाहिन्यांत ओढलं जातं, सलाईन चढतं, तेव्हा कुठे आकडा उतरतो. आणि कोरडा ड्रेन म्हणजे ड्रेन कोरडा, एवढंच. पोटाबद्दल तो काहीच बोलत नाही.

आकडेमोड

वाचनखूण साठवली. मी नर्सिंगमधला नाही, हॉस्पिटलच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळतो, त्यामुळे गणित करायची खाज आहे.

रात्रपाळीताईंच्या आकड्यांवरून सरासरी दाब काढला (खालचा दाब अधिक अंतराचा एक तृतीयांश). १० वाजता ९५, १२ वाजता ९७, २ वाजता ९९. माणूस आतल्या आत रक्त गमावतोय आणि सरासरी दाब वाढतोय! पहिल्यांदा वाटलं माझंच चुकलं, तीनदा केलं.

मग पल्स भागिले वरचा दाब, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात (शॉक म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोचणं). निरोगी माणसात साधारण ०.५ ते ०.७. इथे ०.७६, ०.८९, १.०२. मॉनिटरवरचा एकही अलार्म वाजला नसेल, कारण अलार्म एकेका आकड्याला लावलेला असतो, दोघांच्या नात्याला नाही.

एक शंका. मी बघतो त्या चार्टांवर रेस्पिरेशन जवळजवळ नेहमी १८ किंवा २० असतं. सगळ्या खाटांवर. सगळ्या रात्री. हे शक्य आहे?

रात्रपाळी

आकडेमोड, वर्मावर बोट ठेवलंत.

लिहू की नको असा विचार करत होते. २ वाजता मी मोजलं होतं. अर्धा मिनिट छातीकडे बघितलं, १२ भरले. म्हणजे २४. पण आधीचे दोन रकाने १८ चे होते (ते मोजलेले नव्हते, नजरेने लिहिलेले), आणि मनात आलं की मधेच २४ कसं, हालचाल करतायत म्हणून असेल. १८ लिहिलं. हे आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

आकडेमोड

ताई, हे लिहायला धीर लागतो.

मग हिशेब पूर्णच करतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये बिघाडाची आगाऊ सूचना देणारं गुणांकन काढलं, त्याची सुधारित आवृत्ती २०१७ ची, न्यूज-२. त्यात श्वास २१ ते २४ ला २ गुण, पल्स १११ ते १३० ला २, टेंपरेचर ३५.१ ते ३६ ला १. तुमच्या पेशंटचे २ वाजताचे एकूण ५. पाचला तातडीने डॉक्टरांनी येऊन बघायचं असतं. श्वास १८ लिहिला की एकूण ३.

आणि बीपी ११२ ला गुण शून्य. दोन्ही हिशेबांत.

शंकासुर

मी उलटी बाजू मांडतो. ऑपरेशननंतर निम्म्या पेशंटांचा पल्स शंभरच्या वर असतो. दुखतं, घाबरलेले असतात, लघवी तुंबलेली असते, घरची माणसं आठवतात. प्रत्येकासाठी फोन केला तर चौथ्या रात्री डॉक्टर फोन उचलणार नाहीत. मग खरा लांडगा येईल तेव्हा काय? पुस्तकी ज्ञान ठीक, पण तीस खाटांना दोन सिस्टर असताना हे सगळं बसवायचं कुठे?

जुनी सिस्टर

शंकासुर, अर्धं बरोबर आहे तुमचं. पण दुखणारा माणूस आणि रक्त गमावणारा माणूस सारखे दिसत नाहीत हो. दुखण्याने पल्स वाढतो तसा बीपीही सहसा वाढतो, अंतर मिटत नाही. वेदनाशामक दिल्यावर पल्स उतरतो. आणि दुखणारा माणूस कुठे दुखतं ते बोट ठेवून सांगतो. हा मात्र "बसवा, नको, झोपवा" करत होता. ही तगमग वेगळी. तिला नाव नाही, पण एकदा बघितली की विसरत नाही. मेंदूला पुरेसं मिळत नसलं की माणूस आधी अस्वस्थ होतो, सुस्त नंतर होतो. बायको सांगते "हे असे नसतात", ते ऐकायचं. चार्टवर त्याला रकाना नाही.

आणि गुडघा! गार कुठपर्यंत आहे ते हात फिरवून बघायचं. बोटं गार असतील तर एसी असेल. गुडघ्यापर्यंत गार असेल तर एसी नाही.

कोपऱ्यातली खाट

आयसीयूत काम करते. सिस्टरांशी सहमत, पण एक धोक्याची पाटी लावते, नाहीतर हा धागा वाचून कोणीतरी गरम पायांवर विश्वास ठेवेल.

सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून अवयव बिघडायला लागतात तेव्हा, सुरुवातीचं चित्र बरेचदा उलटं असतं. तिथे रक्त कुठे गेलेलं नसतं, नळ्याच सैल पडतात. जंतूंशी लढताना पेशी जे रसायनांचं वादळ उठवतात त्यात नायट्रिक ऑक्साइड बेसुमार तयार होतं आणि धमन्या फाकतात. हातपाय गरम, चेहरा लालसर, नाडी भरलेली, आणि दोन आकड्यांतलं अंतर मोठं, कारण खालचा आकडा घसरलेला असतो. १०८/४४ असा बीपी बघून "वरचा शंभरच्या वर आहे" म्हणणारे मी बघितलेत. तिथे ४४ ओरडून सांगत असतो. वर केशवाहिन्या गळक्या होतात, दिलेलं सलाईन पायांत आणि फुप्फुसांत उतरतं.

म्हणून एकच खूण धरून बसू नका. आम्ही बोटाच्या पेरावर पाच-दहा सेकंद दाबून सोडतो आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजतो. दोन-तीन सेकंदांच्या पुढे गेलं की मान वर करायची. फुकटची तपासणी म्हणून हसायचे लोक. पण २०१९ मध्ये सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांवर अँड्रोमेडा-शॉक नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाचे उपचार रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं रसायन) बघून ठरवले, दुसऱ्याचे हेच बोट दाबून. २८ दिवसांतले मृत्यू ४३.४ टक्के विरुद्ध ३४.९ टक्के, बोटवाल्या गटात कमी. सांख्यिकीच्या कसोटीवर फरक थोडक्यात सिद्ध झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण बोट लॅक्टेटपेक्षा वाईट ठरलं नाही, माझ्यासाठी तेवढं पुरे.

भूलवाला

खाटताईंना अनुमोदन. त्यात भर, शरीराची ही झाकाझाक कोणाकोणात बिघडते ते.

बीटा ब्लॉकर (हृदयाची गती रोखणारी गोळी) घेणाऱ्याचा पल्स वाढतच नाही. आतून बादलीभर रक्त जाईल आणि चार्टवर ७६ दिसेल. पेसमेकरवाल्यांचं तेच. जुन्या मधुमेहात नसाच निकामी झालेल्या असतात, निरोप पोचत नाही. गर्भवतीच्या शरीरात रक्ताचं आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे ती भरपूर गमावूनही हसून बोलत असते. लहान मुलं तर याबाबतीत सर्वांत कसलेली. रक्तवाहिन्या अशा घट्ट आवळतात की बीपी शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम जातो. मुलाचा बीपी पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आणि म्हाताऱ्या माणसाचा नेहमीचा बीपी १६० असेल तर त्याच्यासाठी ११२ हा शॉकच असू शकतो. रात्रपाळी, तुमच्या पेशंटचा ऑपरेशनआधीचा बीपी किती होता?

रात्रपाळी

फाईल समोर नाही. पण घरी बीपीची एक गोळी चालू होती एवढं आठवतंय. म्हणजे ११२ हा त्यांच्यासाठी आधीच कमी असणार. अरे देवा.

शंकासुर

बरं, पटतंय. विषयाला धरून अजून एक. आमच्याकडे ताप ३८.५ झाला की लगेच ओल्या फडक्याने पुसून काढतात. मी मागे वाचलं होतं की ताप शरीराच्या भल्यासाठी असतो. मग आपण काय करतोय?

कोपऱ्यातली खाट

ताप आला म्हणजे थर्मोस्टॅट बिघडला असं नाही, कोणीतरी तो मुद्दाम वर लावला. इंटरल्यूकिन, टीएनएफ हे निरोपे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ तयार होतं आणि ठरतं की आता ३९ हवेत. शरीर ३७ वर असतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने ते थंड पडलंय. म्हणून थंडी वाजते, कापरं भरतं, माणूस ३८ ताप असताना रजई मागतो. या वेळी गार फडक्याने पुसलंत तर शरीर आणखी कुडकुडून उष्णता तयार करणार. स्नायू कापले की ऑक्सिजनचा खर्च वाढतो. आधीच हृदय कमजोर असलेल्या माणसाला तो खर्च झेपत नाही. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनला अडवतं, म्हणजे थर्मोस्टॅटच खाली आणतं, मग घाम येतो. पुसायचंच असेल तर त्यानंतर, आणि कोमट पाण्याने.

उष्माघातात मात्र थर्मोस्टॅट ३७ वरच असतो, शरीर तापवलं जातंय. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, झपाट्याने थंड करणं हाच उपचार. दोन्हीकडे थर्मामीटर ४० दाखवेल.

दर डिग्रीमागे चयापचय साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, तेव्हा ताप फुकट नसतो. पण उतरवल्याने संसर्ग लवकर बरा होतो असंही नाही. संसर्गाचा संशय असलेल्या सुमारे ७०० आयसीयू रुग्णांवर २०१५ मध्ये चाचणी झाली, पॅरासिटामॉल दिलं काय नि न दिलं काय, आयसीयूबाहेर काढलेल्या दिवसांत फरक पडला नाही. माणूस तळमळत असेल तर द्यावं. मेंदूला इजा असेल तर ताप नकोच, तिथे वेगळा हिशेब. आणि म्हाताऱ्यांत ताप येईलच असं नाही. न्यूमोनियाने बेजार आजी ३६.२ टेंपरेचर घेऊन येतात आणि तक्रार असते "कालपासून बरळतेय".

दमसास

या धाग्यावर माझीही एक रात्र ठेवते. कॅज्युअल्टीत होते तेव्हाची.

दम्याचा तिशीतला पेशंट. आला तेव्हा खाटेच्या कडेला दोन्ही हात रोवून बसलेला, खांदे वर, मानेच्या दोऱ्या ताणलेल्या, एका श्वासात दोन शब्द. श्वास ३६. नेब्युलायझर, स्टिरॉइड, सगळं सुरू होतं. तासाभराने श्वास २२ वर आला, शिट्टीसारखा आवाज थांबला, त्याने मान उशीवर टाकली. मी मोठ्या समाधानाने म्हटलं, "हुश्श, झोपला". शेजारच्या सीनियरने स्टेथोस्कोप लावला आणि तिचा चेहराच उतरला. छातीत काही ऐकूच येत नव्हतं. आवाज यायला हवा आत-बाहेर व्हावी लागते ना. एबीजीत (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारी तपासणी) कार्बन डायऑक्साइड ४० आला. मी म्हटलं, नॉर्मल आहे की. ती म्हणाली, "तासभर छत्तीसने श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड तीसच्या खाली असायला हवा. चाळीस म्हणजे तो दमला." पुढच्या पंधरा मिनिटांत ट्यूब टाकली.

तेव्हापासून "शांत झोपलाय" हे वाक्य हँडओव्हरमध्ये ऐकलं की मी आधी खाटेशी जाते.

भूलवाला

याच जातीचा एक सापळा आमच्या बाजूने. मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचतं तेव्हा, पेशंट खोल आणि भरभरून श्वास घेतो. १८७४ मध्ये कुसमाउल यांनी वर्णन केलेला हाच तो श्वास. रक्तातलं आम्ल वाढलं, म्हणून फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड फेकून तोल सावरतायत. रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल शोषणारा क्षार) ८ असेल तर अपेक्षित कार्बन डायऑक्साइड दीडपट करून अधिक आठ, म्हणजे २०, दोन इकडे-तिकडे. एबीजीत ३२ आला तर आकडा दिसायला 'बरा', पण पेशंट हरतोय. आणि अशाला ट्यूब टाकून व्हेंटिलेटर मिनिटाला नेहमीच्या १२-१४ श्वासांवर लावला, तर जी भरपाई तो स्वतः करत होता ती आपण हातांनी काढून घेतली. काही मिनिटांत हृदय थांबू शकतं.

पोटॅशियमचंही तसंच. रक्तात ५ दिसतं, पण शरीराचा साठा लघवीवाटे कधीच निघून गेलेला असतो. आम्ल आणि इन्सुलिनचा अभाव यांमुळे पेशींतलं बाहेर आलेलं तेवढं दिसतं. इन्सुलिन सुरू केलं की ते परत आत पळतं. म्हणून ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम.

तळटीप

अवांतर: शरीर आतलं वातावरण स्थिर राखतं ही कल्पना क्लोद बर्नार यांची, 'होमिओस्टॅसिस' हा शब्द वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये घडवला. कॅनन यांनी पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या शॉकचा अभ्यास केला होता. म्हणजे हा शब्द घडवणाऱ्याने तोल राखणारं आणि तोल जाणारं, दोन्ही शरीरं जवळून बघितली होती.

आणि ही सावरासावर लांबली की तीच आजार होते, हेही इथे यायला हवं. निकामी होत चाललेल्या हृदयात तेच रेनिन-अँजिओटेन्सिन, तीच सिम्पथेटिक यंत्रणा महिनोन् महिने चालू राहते आणि दमलेल्या बैलाला चाबूक मारत राहते. १९८७ च्या कन्सेन्सस चाचणीत एनालाप्रिल या औषधाने तीव्र हार्ट फेल्युअरमधले मृत्यू घटले, ते त्याच साखळीला अडवून. अवांतर समाप्त.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. दोन दिवस हाच धागा वाचतेय, पुस्तक बाजूला पडलंय. (पुस्तकात हेच सगळं आहे, हे आता दिसायला लागलं.)

एकच राहिलं. फोन. "बीपी किती" या प्रश्नाला ११२ हे खरं उत्तर होतं. मी खोटं तर सांगू शकत नव्हते. मग सांगायचं कसं?

जुनी सिस्टर

प्रश्न येईपर्यंत थांबायचंच नाही. फोन उचलला की पहिलं वाक्य आपलं. "सर, बारा नंबरचे दुसऱ्या दिवसाचे पेशंट, मला आतून रक्तस्राव होतोय अशी शंका आहे, तुम्ही येऊन बघा." मग कारणं, आणि नुसता आत्ताचा आकडा नाही, चार तासांचा प्रवास. "पल्स ८८ वरून ११४, श्वास २४, लघवी ६० वरून २०, पाय गुडघ्यापर्यंत गार, बीपीतलं अंतर ३२ वरून २०." बीपी सगळ्यांत शेवटी. आणि "बघत राहा" म्हणाले तर विचारायचं, "किती वेळ, आणि कुठला आकडा आला की परत फोन करू?" ते उत्तर वेळेसकट चार्टवर लिहायचं. लिहितेय हे त्यांना सांगायचं. येतात मग.

भूलवाला

फोनच्या या टोकाला असणारा माणूस म्हणून सांगतो, येतोच. एक विनंती फक्त. मशीनवर अंतर कमी दिसलं तर एकदा हाताने बीपी घ्या आणि मगच फोन करा. मशीन मुळात सरासरी दाब पकडतं, वरचा-खालचा त्याच्या सूत्राने काढतं. आवळलेल्या, थरथरत्या हातावर ते गडबडतं.

रात्रपाळी

काल रात्री ड्युटी होती. ठरवलं की सगळ्यांचे श्वास पूर्ण मिनिट मोजायचे. सव्वीस खाटा. पल्स बघतेय असं भासवून मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची, नाहीतर माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो. औषधांची फेरी पाऊण तास उशिरा झाली, सोबतची सिस्टर जाम वैतागली.

१८ कोणाचाच नव्हता. बहुतेक १३ ते १७ मध्ये. दोघे २२ च्या वर निघाले. एक बाई नुकत्याच बाथरूमला जाऊन आल्या होत्या, दहा मिनिटांनी १६ झाल्या. दुसरे सात नंबरचे, २६. बीपी १२४/९६, हाताने घेतला तरी १२२/९८. युरोबॅग उचलून बघितली, तासात १५ मिली. बोट दाबलं, रंग परत यायला चार सेकंद.

फोन केला. पहिलं वाक्य माझं होतं. पलीकडून तरीही "बीपी किती?" आलंच. म्हटलं, "सर, ते शेवटी सांगते."

ते वर आले आहेत, सीटीला घेऊन जायचंय. बाकी सकाळी लिहिते.